पावाची कोठी

देवासला आमच्या गल्लीत रोज सायकलवरून येणाऱ्या पाववाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पेटी उघडण्याआधी तो रुमालाला हात पुसायचा आणि पाव ओसरीतल्या कोनाड्यात ठेवायचा. आमच्याकडे पाव स्वयंपाकघरात जात नसे. "माँजी का नियम है," तो म्हणायचा. मी मान डोलवायचो.

घर नव्याने बांधलं तेव्हा सुनेने स्वयंपाकघरात पँट्री करून घेतली. पँट्री म्हणजे पॅन ठेवायची जागा, असं मी ऐटीत सांगितलं. शब्दकोशात पाहिलं तर भलतंच निघालं. मुळात ती पावाची कोठी. आणि पोर्तुगीजांकडून आलेला आपला 'पाव' तिचा भाऊबंद.

सकाळी पाववाल्याला हे सांगितलं. तो हसला. "तो भिया, इतने साल घरवाले को ही बाहर बिठाया?"

आता सांगून टाकतो. नियम आईचा नव्हताच. ती तर ओसरीत बसून चहात टोस्ट बुडवून खायची. कुणाच्या भट्टीतला कोण जाणे, म्हणून नियम मीच केला आणि ती गेल्यावरही तिच्या नावावर चालवला.

मी त्याला आत बोलावलं. पँट्रीच्या दाराशी त्याने चपला काढल्या, रुमालाला हात पुसले आणि पाव मधल्या फळीवर ठेवला.