चूल वर चढवली ते वर्ष

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "एवढं काय घाबरायचं?" असं म्हणायला नको. सापाला मी भीत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात साप न्हाणीत येऊन बसतात, त्यांना काठीनं बाहेर काढून आंघोळ करणारी मी. मी भिते ती उकळत्या पेजेला.

नऊ वर्षांची होते तेव्हा माहेरी माझी धाकटी बहीण पेजेच्या टोपात पडली. रांगती होती. चूल जमिनीवर, टोप जमिनीवर, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मला बसवलेलं. मी अंगणात खेळायला पळाले. तीन दिवस काढले तिनं. मला घरात कोणी एक अक्षर बोललं नाही. बोलले असते, चार फटके दिले असते तर बरं झालं असतं. न बोललेलं तसंच आत राहतं, आणि माणूस मोठं झालं तरी ते लहानच राहतं.

लग्न होऊन मी नांदगावाजवळच्या एका वाडीत आले. घरात सासू आणि मी. हे कणकवलीला कचेरीत कारकून, शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. साठ सालानंतरची गोष्ट आहे. आम्हाला मुलगी झाली. पालथी पडली तेव्हा सासूनं शेजारी खोबरं-साखर वाटली, आणि मी मनात मोजायला लागले. पालथी पडली म्हणजे आता सरकणार, सरकली म्हणजे रांगणार, आणि रांगत जाऊन जाऊन जाणार कुठे? आमच्या रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात, चूल दारासमोरच, जमिनीला टेकलेली. मी पोरीला कमरेला बांधून पाणी भरायची, भात आवरायची. सासू म्हणायची, "गो बाय, भुंयर सोड तिका, पाय बळकट होऊचे नाय!" मी ऐकलं न ऐकलं करायची.

मग एका शनिवारी ह्यांनी पिशवीतून एक कागद काढला. ह्यांच्या साहेबाच्या बंगल्यात उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा होता, तो बघून ह्यांनी कचेरीतल्या पट्टीनं त्याचा नकाशा काढून आणला होता. भिंतीला लागून चिऱ्यांचा ओटा, वर शहाबादी फरशी, तिच्यावर चूल, खाली लाकडं ठेवायचे दोन कप्पे, बाजूला भांडी घासायची मोरी, मोरीचं पाणी थेट मागच्या केळींना. भिंतीत बरण्यांसाठी फळ्या, मिठासाठी कोनाडा, धुरासाठी वर झरोका. सगळं जिथल्या तिथं, भिंतीत बसवलेलं. मी त्या कागदात एकच गोष्ट बघितली. चूल जमिनीपासून अडीच फूट वर! मी म्हटलं, "हे उद्याच बांधा." हे हसायला लागले. म्हणाले, "अगो, सिमेंटाक परमिट लागता."

आम्ही दोघांनी कोळशानं रांधपाच्या जमिनीवरच ओट्याच्या रेघा मारल्या. माझ्या कमरेला सुतळी लावून उंची घेतली. सासूनं दारात उभं राहून सगळं बघितलं आणि म्हणाली, "चूल काय खुर्चेर बसवतास? ती चार पिढ्यांची जाग्यावरची चूल. हलवची असात तर देवाक इचारूक व्हया."

आमच्याकडे हे असंच. विहीर खणायची, लग्न ठरवायचं, चूल हलवायची, आधी ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओले कळे, म्हणजे फुलांच्या कळ्या, चिकटवतो, घराण्याच्या नावानं गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघत बसायचं. उजवीकडचा कळा आधी पडला तर देवाचं हो, डावीकडचा पडला तर नको. कौल लावायला घरातलं वडीलधारं माणूस जातं. पण त्या आठवड्यात सासूचा पाय मुरगळला, ह्यांना तर देवळात बसायचा धीर नाही. म्हणून नारळ घेऊन मी गेले. पोर होती कडेवर. दोनच दिवसांपूर्वी ती रांगायला लागली होती.

कळा डावीकडचा पडला.

मी गुरवाला म्हटलं, "परत लावा." त्यानं माझ्याकडे बघितलं, पण लावले. पुन्हा डावाच. गुरव म्हणाला, "देव नको म्हणता. गणपती होवंदे, मगे परत इचार." गणपतीला सहा महिने! सहा महिन्यांत रांगतं पोर काय काय करू शकतं हे त्या देवाला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं.

घरी आले. सासू पाय पसरून बसलेली. "काय सांगल्यान?"

"उजवो पडलो," मी म्हटलं.

एवढंच बोलले. खोटं बोलायला काय, जीभ हलवायची. पण त्यानंतर माझी जी काही अवस्था झाली ती वैऱ्याची होऊ नये. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. कामाच्या पहिल्याच दिवशी चिरा निसटून गवंड्याच्या अंगठ्यावर पडला. तो "मेलंय गो!" करून ओरडला आणि मला वाटलं, झालं, सुरू झालं. विहिरीचा राजू, म्हणजे दोर, तुटला, तेव्हाही तेच. पोरीला साधा ताप आला तर मी रात्रभर तिच्या उशाशी बसून पुटपुटत होते, देवा, मला मार, हिला नको. गुरव आमच्या पाणंदीनं जाताना दिसला की मी मागच्या दारी पळायची. त्यानं सासूला एक शब्द सांगितला की संपलं. ओटा पाडतील, मला माहेरी पाठवतील, आणि चूल परत जमिनीवर येईल. मला सगळ्यात भय त्या तिसऱ्याचं होतं.

पण ओटा झाला. मे महिन्याच्या सुरुवातीला सासूनं जुन्या चुलीतला विस्तव खापरीत घेऊन नव्या चुलीत घातला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "बरो दिसता." शेजारणी बघायला आल्या. एक म्हणाली, "बाई गं, साहेबीण झालीस!" मी हसले. पोरीला भुईवर सोडलं. पहिल्यांदा! ती तुरुतुरू रांगत ओट्याखालच्या कप्प्यापर्यंत गेली, आणि तिच्या डोक्याच्या हातभर वर चूल भडकलेली. मला रडू फुटलं.

त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण मी ती मनाआड केली. साहेबाच्या घरी कोळशाची शेगडी. तिला दोन फूट रुंद ओटा पुरतो. ह्यांनी तेच माप उचललं, आणि मीही शहाणी, उंचीवर जीव लावून बसले. आमच्या चुलीत जळायची ती हात-दीड हात लांबीची काजूची लाकडं. चुलीत घातली की त्यांची बाहेरची टोकं ओट्याच्या कडेपुढे वीतभर हवेत. जमिनीवरच्या चुलीला ती टोकं जमिनीवर टेकलेली असत. इथं ती लोंबत. मी कोयत्यानं लाकडं आखूड करून घ्यायची. रोज, न चुकता. पण घरात रोज ते रोज होतं का?

सासूला ओट्यावर काही करता येत नव्हतं. ती माझ्याहून हातभर बुटकी, टोपात काय शिजतंय तेसुद्धा तिला दिसायचं नाही. तरी बाई तिथून हलायची नाही. चुलीखाली, अगदी माझ्या पायात, पाट टाकून बसायची. तिथंच मासे कापायची, तिथंच नारळ किसायची. मला ती अडचण व्हायची. "आये, वायच पडवीत बसा ना, उजेड आसा," असं मी दहादा म्हटलं असेल. तिचं एकच, "हयसरच बरा." मी मनात चरफडायची. भांडंही आपटायची, खोटं कशाला बोलू.

दिवाळी होऊन गेली होती. पोर चालायला लागलेली. सकाळी पेजेचा मोठा टोप चुलीवर, आणि मी पाट्यावर वाटण घ्यायला पाठ फिरवली. आदल्या दिवशी पाहुणे होते, लाकडं फोडायची राहिलेली, म्हणून एक लांबच लाकूड तसंच सारलेलं. पोरीनं येऊन त्या लोंबत्या टोकाला दोन्ही हातांनी लटकून ओढलं.

मी वळले तेव्हा टोप कलंडत होता. माझे पाय हलले नाहीत. नऊ वर्षांची असताना घरात धावत आले तेव्हा जशी उभी राहिले होते, तशीच मी उभी. सासूनं मात्र बसल्या जागेवरून पोरीला खाली खेचलं आणि तिच्यावर ओणवी पडली. सगळी पेज सासूच्या पाठीवर.

पोरीला काही झालं नाही. एक थेंबही नाही.

सासूला बैलगाडीतून हमरस्त्यापर्यंत, तिथून येणाऱ्या ट्रकनं कणकवलीला डॉक्टरकडे नेलं. पंधरा दिवस ती केळीच्या पानांवर पालथी झोपून होती. मी पानं बदलायची. आठव्या की नवव्या दिवशी मला राहवेना. मी तिच्या कानाशी बसले आणि म्हटलं, "आये, कौल डावो पडललो. मी खोटा बोललंय. ह्या सगळा माझ्यामुळे झाला."

ती पानात तोंड खुपसून होती, तशीच म्हणाली, "म्हायत आसा माका. गुरवान त्याच सांजेक येवन सांगल्यान."

मी म्हटलं, "मगे बोललास नाय कित्याक?"

"काय बोलूचा? तू पोरीक कमरेक बांधून पाणी भरतंस, ता माका दिसत नाय होता? पाय बरो झाल्यार मी देवळात गेलंय. म्हटलंय, म्हाराजा, सून खोटा बोललीहा, पण चूल मी बांधतंय. काय घालूचा ता माझ्यार घाल. पोरीक हात लावू नको." तिनं दम घेतला. "घातल्यान. फिटला आता. तू भिया नको."

म्हणजे आठ महिने! आठ महिने ती रोज सकाळी उठून वाट बघत होती, आज येतंय की उद्या येतंय, आणि मी तिच्यासमोर भांडी आपटत होते. मला तिचा इतका राग आला. मला सांगितलं असतं तर! मी म्हटलं, "तुमका भय वाटूक नाय?"

"वाटला गो. रोज वाटायचा," सासू म्हणाली. "म्हणान तर त्या चुलीखालसून उठलंय नाय."