समोरच्या गच्चीवरून

उन्हात वाळलेल्या चादरीचा वास आला की मला सदाशिव पेठेतली एक दुपार आठवते. कॉलेज घराच्या इतकं जवळ होतं की मधल्या सुट्टीत मी गरम पोळी खायला घरी यायचे, आणि खोल्या घेऊन राहणाऱ्या बाहेरगावच्या मैत्रिणींचा मला फार हेवा वाटायचा. त्या दिवशी आईला "आज जेवायला येत नाही" एवढंच कळवून मी एका मैत्रिणीच्या खोलीवर गेले. मेसचा डबा घेऊन आम्ही गच्चीत बसलो. खालच्या स्कूटरींचा आवाज दुसऱ्याच गावातून आल्यासारखा येत होता, गार उसळही प्रवासात खाल्ल्यासारखी लागत होती. सहज मान वर केली, तर समोर आमचीच गॅलरी! आई काठीने चादर वाळत घालत होती. तिने मला पाहिलं, पण हाक मारली नाही. चादर नीट ओढली आणि तिच्याआड दिसेनाशी झाली. संध्याकाळी मी बोलणी खायच्या तयारीनेच घरी गेले. ती म्हणाली, "तिथून आपलं घर कसं दिसतं गं?" "छान दिसतं," मी म्हटलं. "बघायला हवं एकदा," आई म्हणाली. आता माझी मुलगी कॉलेजला जाते. चादर वाळत घालताना मी समोरच्या गच्चीकडे मुद्दाम बघत नाही.