तिच्या नावाचा डबा

धुळ्याहून मोठ्या भाऊंचा फोन आला तेव्हा मी कणीक मळायला घेतली होती. "करुणा गेली," एवढंच म्हणाले. हात पिठाचे, फोन पिठाचा... आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की बघा, देवाकडे जायलाही हीच पुढे! करुणा माझी थोरली जाऊ, मोठ्या भाऊंची बायको. रावेरजवळच्या गावात एकाच अंगणात आमच्या दोन चुली, केळीचे मळे बांधाला बांध, चर्चमध्ये बाकडंही एकच. उभा जन्म मी तिचा हेवा केला. ती जाऊन दीड महिना झाला, हेवा काही गेलेला नाही.

आमच्याकडे रीत आहे. पीठ मळायच्या आधी एक मूठ देवाची म्हणून वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी चर्चमधल्या टोपलीत ओतायची. तिथून ते पीठ ज्याच्या घरी नसेल त्याच्याकडे जातं. पाचोऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा हे मला करुणानंच शिकवलं. तिचं माहेर सोनगीरचं, बोली शेवटपर्यंत तिकडचीच. "बठ्ठं त्यानंच शे वं माय, आपलं काय शे? त्यानं त्याले परत दी टाक!" सगळं देवाचंच, म्हणायला सोपं आहे हो. माझी मूठ निघायची ती आधी हिशेब करून... आज पाहुणे आहेत, उद्या गिरणी बंद, पुरेल ना? तिची निघायची ती बोटांतून सांडत. शनिवारी तिचा स्टीलचा डबा काठोकाठ, माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा अर्धा. त्यात तिच्या डब्यावर दुकानातच नाव कोरून घेतलेलं, 'सौ. करुणा'. टोपलीपाशी गेलं की चार बाया नाव वाचायच्या आणि मग माझ्या डब्याकडे बघायच्या.

पीकअर्पणाच्या रविवारी तर विचारूच नका. मळ्यातला पहिला घड देवाचा, तो वेदीपुढे ठेवायचा. दरवर्षी मधोमध तिचाच घड असायचा. एका वर्षी मी हट्टाला पेटले, यंदा आपला घड आधी पोचला पाहिजे. आमचे हे म्हणाले, "अगं, अजून भरला नाही तो." म्हटलं, "कापा म्हणते ना!" भल्या सकाळी नेऊन मधोमध ठेवला. मागून तिचा आला. तिची केळी टपोरी, गोल, आणि माझ्या केळ्यांच्या कडा लांबूनसुद्धा दिसत होत्या. नेमका त्याच दिवशी पाळकसाहेबांनी बायबलातल्या त्या दोन भावांवर संदेश दिला, एकाचं अर्पण देवाला पसंत पडलं, दुसऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. माझा जीव तुटला तो त्या दुसऱ्यासाठी. अहो, त्यानंही घाम गाळूनच आणलं होतं की! उपासनेनंतर आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. माझ्या घडाला कुणी बोली लावेना. सगळे चपलांकडे बघत बसले... आणि हात वर केला तो करुणानं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढच्या रविवारी प्रीतिभोजनाला ती कच्च्या केळ्यांची भाजी घेऊन आली. "ही आमनी विमलना घडनी," असं माझं नाव घेत प्रत्येकीला सांगत वाढत होती. बाया बोटं चाटत होत्या आणि भाजी कशी केली ते तिलाच विचारत होत्या.

धुळ्याच्या दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा आवाज पार खोल गेला होता. मला जवळ बोलावलं. वाटलं, आता काहीतरी आपल्याबद्दल बोलेल. तर म्हणाली, "आज मूठ काढी का वं?" मी चिडलेच. "आधी बरी हो, मग मुठीचं बघू." ती हसली. "मन्हा डबा रिकामा ठेवू नको..." एवढं बोलून डोळे मिटून पडून राहिली. मी तिचे पाय दाबत बसले.

आता मोठे भाऊ आमच्यातच जेवतात. त्यांचं ताट आलं तसा तिचा डबाही माझ्या ओट्यावर आला. रोज दोन मुठी काढते, एक माझ्या डब्यात, एक तिच्या. आणि कसं कोण जाणे, तिच्या डब्यात टाकताना हात आखडत नाही. करुणा गेली आणि डबा उतरला, असं कुणी म्हणायला नको ना! पाहुणे असोत की गिरणी बंद असो, तिची मूठ सांडत निघते. मग रविवारी टोपलीत ओतताना बाया म्हणतात, "करुणाबाईंची मूठ अजून येते हो!" दळण माझं, हात माझा, आणि कौतुक तिचं. मी मनात म्हणते, देवा, तू तरी बघतोयस ना... यांच्यातल्या एकीलाही दिसत नाहीये. घरी आले की तिचा डबा घासायला घेते. राग काढत, राख लावून, खसाखसा घासते. नाव तेवढं जास्तच लख्ख निघतं.