फलाटावरचा सत्कार

आमच्या उज्जैनच्या मराठी माणसाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय अन्न पचत नाही. कुणी निवृत्त झालं, सत्कार. कुणाच्या नातीला बारावीत बरे मार्क पडले, सत्कार. शाल, श्रीफळ, हार आणि एक भाषण, ज्यात सत्कारमूर्तीपेक्षा बोलणाऱ्याचीच माहिती जास्त. आमचे हे बँकेतून सुटल्यापासून या खात्याचे बिनपगारी मंत्री. इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेलं. आता शाल आणि नारळ एका तबकात दिसले तरी मला तिथून उठून जावंसं वाटतं.

माधवनगरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक परदेशी मिशनरी जोडपं भाड्यानं राहायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते होतेच. अंध मुलांची छोटीशी शाळा त्यांनी उभी केली होती. अंकल मुलांना खुर्च्या विणायला शिकवत, आंटी ब्रेल आणि गाणं. त्यांची हिंदी पक्की माळव्याची. माझ्या सासूबाई गणपतीचा प्रसाद वर पाठवायच्या, आंटी तो हसून घ्यायच्या आणि कामवालीला द्यायच्या. सासूबाईंना हे ठाऊक होतं, तरी त्या दरवर्षी पाठवायच्याच. दोघींचं छान जमायचं.

मिशनचा नियम असा की ठराविक वय झालं की मायदेशी परतायचं. यांनी तो बरीच वर्षं पुढे ढकलत नेला. मग अंकलची आठवण दगा देऊ लागली. गॅस चालू राहायचा. आमच्या ह्यांना ते माझ्या सासऱ्यांच्या नावानं हाक मारायचे. सासऱ्यांना जाऊन जमाना झाला होता. एकदा त्यांनी आंटींना ढकललं, त्यांचा हात मोडता मोडता राहिला. त्यांची मुलगी तिकडे असते. तिनं अशा माणसांच्या एका आश्रमात त्यांच्यासाठी जागा मिळवली. जाण्याखेरीज इलाज नव्हता.

पण अंकल जायला तयार नव्हते. आंटींनी पहिल्यांदा त्यांना सरळ सांगितलं तेव्हा ते घरातून निघून गेले. संध्याकाळी नानाखेड्याच्या बसस्टँडवर सापडले, डावी-उजवी चप्पल उलटी घालून बाकावर बसलेले. म्हणाले, "मैं मुन्ने को छोड़कर नहीं जाऊँगा." मुन्ना म्हणजे त्यांचा पहिला मुलगा. ते इथे आले त्याच उन्हाळ्यात, नुकता चालू लागलेला असताना, जुलाबानं गेला. अंकल दर रविवारी दुपारी एकटेच कब्रस्तानात जायचे. डोकं चालेनासं झालं तरी त्यांचे पाय ती वाट विसरले नव्हते. रिक्षावाला फाटकाशी थांबायचा.

दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरले. आंटींनी पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. बातमी तेवढी पुसली जायची, धक्का मात्र दर वेळी नवा. तिसऱ्यांदा सांगायचं नाही, असं आंटींनी ठरवलं.

त्या खाली माझ्याकडे आल्या, स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाभी, हम छुट्टी पर जा रहे हैं. सबसे यही कहना. स्टेशन पर कोई न आए." दर काही वर्षांनी ते उन्हाळ्यात मायदेशी जाऊन येत. दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे विमान. या वेळीही तसंच दिसायला हवं होतं. अंकल एकदा गाडीत बसले की पुढचं त्या निभावणार होत्या. नाही बसले, तर एकट्या बाईनं त्यांना सांभाळायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

सुट्टीवर जाणारा माणूस घर आवरत नाही. त्यामुळे आंटींना काही आवरता आलं नाही, काही कुणाला देता आलं नाही. भिंतीवरचे फोटो भिंतीवरच राहिले. आयुष्यभराच्या संसारातून फक्त दोन बॅगा निघणार होत्या, त्यातही आंटी वरवरचे कपडेच भरत होत्या. अंकलना संशय येऊ नये म्हणून त्या काम करताना गुणगुणायच्या. खाली मला ते ऐकवत नसे. मी मिक्सर लावून ठेवायची.

मी ह्यांना निक्षून बजावलं, कुणाला एक शब्द बोलायचा नाही.

"अगं, मी काय पागल आहे का? फालतू टेंशन घेऊ नको."

जायच्या सकाळी अंकल खुशीत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी नीट दाढी केली होती. आमच्या गाडीत पुढे बसले आणि मागे वळून मला म्हणाले, "भाभी, आपके लिए क्या लाऊँ? चॉकलेट?" मी म्हटलं, आणा. आंटी खिडकीबाहेर बघत राहिल्या.

फलाटावर गाडी येऊन उभी होती. आंटींनी त्यांच्या कोपराला धरलं होतं, डब्याचं दार समोर होतं. तेवढ्यात पुलावरून मंडळी उतरली. पुढे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, हातात तबक. त्यांच्यामागे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून शाळेचे जुने विद्यार्थी, आता बाप्ये झालेले, गळ्यात अडकवलेल्या पिशव्यांत झेंडूचे हार.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. "फक्त दोघातिघांना सांगितलं होतं," हे म्हणाले. "इतकी सेवा केली त्यांनी. चोरासारखं कसं जाऊ द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"अहो, थांबवा त्यांना!"

"दोन मिनिटांचं काम आहे, होऊन जाऊ दे ना."

आंटींनी ओठांवर बोट ठेवलं. दोन्ही हात जोडून, मान हलवून त्या नको नको करू लागल्या. अध्यक्षांना तो विनय वाटला. आपल्याकडे सत्कारमूर्तीनं आधी नको म्हणायचंच असतं. त्यांनी जास्तच प्रेमानं शाल उलगडली. आणि बाकीच्यांना तर आंटींची खूण दिसतच नव्हती. त्यांतला एक पुढे झाला, चाचपत त्यानं अंकलच्या गळ्यात हार घातला आणि रडत रडत मोठ्यानं म्हणाला, "पापाजी, आप तो हमेशा के लिए जा रहे हो, अब हमारा कौन है?"

आवाज अंकलनी ओळखला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग हाराकडे बघितलं, शालीकडे बघितलं. आणि त्यांना समजलं. चेहरा आधी पांढरा पडला, मग इतका शांत झाला की मला त्यांची भीती वाटली.

ते आंटींकडे वळले. "मुन्ने को बताया?"

"बताया," आंटी म्हणाल्या. "कल ही बता आई."

"तुम?" अंकलचा आवाज अगदी स्वच्छ होता, जुना, शाळेतला. "तुम तो कभी गई नहीं. तुम्हें मालूम भी नहीं, वो कहाँ है."

मुन्ना गेला तेव्हा आंटी त्याच दुखण्यानं दवाखान्यात बेशुद्ध होत्या, हे मी सासूबाईंकडून ऐकलं होतं. नंतरही त्या एकदाही तिकडे गेल्या नव्हत्या, हे मला त्या फलाटावर कळलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

अंकल अडून बसतील, ओरडतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी आंटींचा हात कोपरावरून काढला आणि ते स्वतःच डब्यात चढले, गळ्यातल्या हारासकट. खिडकीशी बसून ते पलीकडच्या रुळांकडे बघत राहिले. अध्यक्षांचं भाषण तसंच राहिलं. हे नारळ घेऊन नुसते उभे होते. मला त्या क्षणी ह्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

गाडी हलायच्या आधी आंटी दारात आल्या. खाली वाकून त्यांनी माझा हात धरला.

"भाभी, वो कहाँ है? आप लोगों को कभी दिखाया होगा. कोई तो जानता होगा."

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी त्या मुलांकडे. कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि थडग्याच्या दगडावर नाव नव्हतं असं सासूबाई हयात असताना सांगायच्या.

गाडी सुटली. ती जागा माहीत असलेला एकटा माणूस आत खिडकीशी बसला होता, आणि दिल्ली येईपर्यंत तोही विसरणार होता.