बाराही महिन्यांचे फोल्डर

माझी धाकटी बहीण गेली, त्यानंतर आई दौलताबादहून आमच्या पुंडलिकनगरच्या घरी राहायला आली. तिला बहिणीच्या मोबाईलमधले शेवटच्या वर्षाचे फोटो बघायचे होते. ते सगळे एकमेकांत मिसळलेले होते, म्हणून मी पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचा, की वर्षाच्या प्रत्येक महिन्याचा फोल्डर तयार कर. मग त्या त्या महिन्याचे फोटो आत टाकायचा. फोल्डर तयार करायला एक ओळ पुरते. आत ठेवायला काही आहे का, हे संगणक विचारत नाही.

आई खुर्ची ओढून शेजारी बसली. जानेवारीत बहीण किल्ल्याच्या पायऱ्यांवर दम खात बसली होती. मार्चमध्ये तिचे केस गेले होते. जूनमध्ये ती दवाखान्याच्या खाटेवरून हसत होती. त्या फोटोवरून आईची नजर हलेना.

मग तिनं पडद्यावर जूनच्या खालच्या फोल्डरकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात काय हाय?"

"काही नाही, आई. मी बाराही महिन्यांचे केले होते."

"उघड की."

जुलै उघडला, रिकामा होता. ऑगस्टही तसाच. आईनं डिसेंबरपर्यंत एकेक उघडायला लावला आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. बहीण गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

"मला वाटलं, चुकून एखादा आसंल," ती म्हणाली.

मी रिकामे फोल्डर काढून टाकायला गेलो, तर तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तिचंच वरीस हाय ते."