वेल्टनचा साचा

जोस्ट हर्टलाइनला आता अंगणातून शेतात जायलाही वाटेत दोनदा बसावं लागे. तरी दर जुलैत, स्वातंत्र्यदिनाला, गावकरी त्याला बाकावर बसवत, आणि तो अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या पेनसिल्व्हेनियाच्या रायफल पलटणीची तीच गोष्ट सांगे. बर्क्स जिल्ह्याच्या डोंगरातले शिकारी घरच्या रायफली घेऊन लढायला गेले, तीनशे पावलांवरून माणूस टिपत. पण गोळी भरायला वेळ लागे, नळीपुढे संगीन नव्हती. इंग्रज संगीन रोखून धावला की पळायचं. लाँग आयलंडच्या झाडीत अर्धी पलटण संपली. इथं तो थांबे नि पाणी मागे.

या वर्षी गोष्ट संपल्यावर वेल्टन वाइडनरची बायको, म्हातारी अपोलोनिया पुढे आली. तिचा नवरा त्याच झाडीतून परतला नव्हता.

"जिल्ह्याच्या स्मारकाच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरतायत. पलटणीच्या हजेरीपटात वेल्टनपुढे 'पळाला' लिहिलंय. तू त्याच्या शेजारी होतास."

"साठ वर्षं झाली, अपोलोनिया. दमलोय मी."

"मी काय नाचतेय? साठ वर्षं पळपुट्याची बायको आहे मी. ऊठ, टोपी घाल."

कचेरीत कारकुनानं वही उघडली. "बोला, आजोबा. पळाला का हा?"

जोस्टनं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"प्रत्येक रायफलीची नळी वेगळी, साहेब. ज्याची त्याची गोळी, ज्याचा त्याचा साचा. पहाटे आम्ही एकाच जाळावर शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतत होतो. निघायचा हुकूम आला. सामान मी आवरलं. माझा साचा घेतला, त्याचा राखेत राहिला."

"मग?"

"माझी गोळी त्याच्या नळीत जाईना. म्हणाला, 'गाढवा, आता काय दगड मारू?' आणि साचा आणायला मागे गेला. मागून इंग्रज येत होते."

"हजेरीच्या वेळी हे सांगितलं नाहीत?"

"कप्तानाच्या हातात चाबूक होता, नि चूक माझी होती. म्हणालो, ठाऊक नाही."

कारकुनानं 'पळाला' खोडलं. अपोलोनिया उठून बाहेर गेली. जोस्ट कसाबसा पायरीपर्यंत पोचला नि तिथंच बसला. ती बरीच लांब गेली होती. मग वळली, परत आली, समोर उभी राहिली.

"दरवर्षी बाकावर बसून गोष्ट सांगत होतास."

"हो."

"मीही ऐकायला यायचे."

जोस्टनं मान खाली घातली.

"पुढच्या जुलैत हेही सांगायचं. सगळ्यांसमोर."

"सांगेन."

"मग ऊठ," ती म्हणाली, पण हात काही दिला नाही.