आई, जोरात सांग

शेजारच्या बाळंतिणीसाठी आज बाळंतशेपा भाजायला घेतल्या आणि त्या वासासरशी मी चिखलीच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नॉर्मलच व्हायचं, हा तिचा हट्ट. त्यासाठी नववा लागला तरी रोज उकिडवं बसून सगळी फरशी पुसायची. दम लागायचा, पण फडकं कुणाच्या हाती द्यायची नाही. शेवटी दवाखान्यात दिवसभर कळा सोसल्या आणि बाळाचे ठोके मंदावले, तसं डॉक्टर सिझरचं म्हणाले. आई डॉक्टरांना विनवत होती, "अजून जरा वाट बघू." तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला, "आई, ठरवलं होतं ते माझ्यापुरतं. आता बाळाचं बघू दे त्यांना."

घरी आल्यावर बायका बाळ बघायला यायच्या. प्रत्येकीचा पहिला प्रश्न, "नॉर्मल का सिझर?" आई आवाज खाली आणून म्हणायची, "सिझर झालं," जणू पोरगी कुठे कमी पडली. तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आता वाटतं, त्या घरात तिच्याइतकं खंबीर कुणीच नव्हतं.

एकदा खालच्या काकूंनी तेच विचारलं. आई पुटपुटली. खाटेवरची ताई टाक्यांवर हात दाबत उठून बसली. "आई, जोरात सांग. पोट फाडून घेतलंय मी, चोरी नाही केली."

आईनं बाळाची दुपटी उगाच सारखी केली, मग मान वर करून म्हणाली, "सिझर झालं."

जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल.